पाळणा कधी हलावा, हे कोणी ठरवावे?

भारताच्या लोकसंख्येच्या इतिहासात १९२१ या सालाला वेगळे स्थान आहे. त्या वर्षीच्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित घटलेली आढळली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने गावेच्या गावे ओस पाडली होती. प्लेग, कॉलरा आणि दुष्काळ हे तर जणू घरचेच पाहुणे होते. असे त्यापुढच्या एकाही जनगणनेत घडलेले नाही. नेमक्या त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही १९२१ च्या मार्च महिन्यात. लंडन-मुंबईचा हा योगायोग नेहमी सांगितला जातो. जनगणनेशी जुळणारा दुसरा योगायोग मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि र. धों.चे वेगळेपण समजून घेण्यास तोच अधिक उपयोगी आहे.

पी. के. वट्टल यांच्यासारख्या एखाद्या अभ्यासकाने १९१६ मध्ये लोकसंख्येच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले होते, हे खरे. परंतु देशात माणसे फार झाली अशी ओरड त्या काळी घरोघरी ऐकू येत नव्हती. उलट अर्भके पटापट दगावत होती, आणि दोन जगावीत म्हणून सहा जन्माला घालावीत, हाच लोकव्यवहार होता. माल्थसचे नाव र. धों.ही घेत; तथापि त्यांचे काम माथेगणतीतून उपजलेले नव्हते. मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, मुळात व्हावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्या स्त्रीच्या देहात ते वाढते तिला आहे की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. साधा दिसणारा हा प्रश्न विचारल्याबद्दल त्यांना नोकरी, प्रतिष्ठा आणि स्वास्थ्य या तिन्ही गोष्टी गमवाव्या लागल्या.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. दापोलीजवळचे मुरुड हे कर्व्यांचे गाव. वडील धोंडो केशव कर्वे म्हणजे पुढे महर्षी म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखू लागला ते अण्णा. आई राधाबाई. धोंडोपंतांचे लग्न झाले तेव्हा त्यांचे वय चौदा आणि राधाबाईंचे आठ होते. त्या काळाच्या मानाने यात विशेष काहीच नव्हते. १८९१ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, राधाबाई वारल्या. बाळंतपणातच त्यांचा अंत झाला, असे चरित्रपर लेखनातून नोंदलेले आढळते. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

बाळंतपणात बायको जाणे ही त्या काळी शोकाची, परंतु आश्चर्याची बाब नव्हती. काळोखी, कोंदट खोली, विटाळाच्या कल्पना, सुईणीचे हात आणि देवाची इच्छा, एवढ्यावर बाळंतिणीचा जीव टांगलेला असे. लग्नात नवऱ्या मुलीला आठ पुत्रांचा आशीर्वाद मिळे. ते आठ तिने कोणत्या वयापासून आणि किती अंतराने प्रसवावेत, याचा विचार आशीर्वाद देणारा करत नसे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, हे सर्वश्रुत आहे. पण प्रत्येक चौदा वर्षांची आई काही अमेरिकेला जात नव्हती. राधाबाई गेल्या त्याच १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्यात आले, आणि एवढ्या दोन वर्षांसाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या, वर्तमानपत्रांतून रणे माजली. धर्म बुडाल्याची हाकाटी करणाऱ्यांत मोठमोठी विद्वान मंडळी होती.

आईच्या मृत्यूमुळेच मुलगा पुढे संततिनियमनाकडे वळला, असा सरळ धागा जोडण्याचा मोह अनेकांना होतो. र. धों. स्वतः गणिती होते. एवढ्या पुराव्यावर एवढा निष्कर्ष त्यांनी बहुधा मान्य केला नसता. घरात त्यांनी आणखीही बरेच पाहिले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस, टिळकांनी सोडलेल्या गणिताच्या जागेवर धोंडोपंत फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले, आणि मार्च १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई, पुढे साऱ्यांच्या बाया कर्वे झाल्या. मुरुडच्या ग्रामस्थांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. समाज एखाद्या घराला कसा वाळीत टाकतो, याचा अनुभव अकराव्या वर्षीच रघुनाथाच्या पदरी पडला. बहिष्काराला न भिण्याची सवय त्यांना लागली ती अशी घरातच.

१८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसनमधून १९०४ मध्ये बी.ए. झाले. पुढे वडिलांप्रमाणेच गणिताचे अध्यापन हा त्यांनी व्यवसाय केला. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली होती आणि त्या भाषेतील साहित्य ते मराठीत आणत. लैंगिक विषयांवरचे युरोपीय लेखन त्यांनी मुळातून वाचले, तेही एखाद्या शास्त्रशाखेचे क्रमिक पुस्तक वाचावे तसे, न लाजता, न चेकाळता. मराठीत या विषयावर लिहिताना त्यांची भाषा जी कोरडी, नेमकी आणि पुष्कळदा तिरकस होते, तिची मुळे गणिताच्या शिस्तीत आहेत. विचार सिद्धतेप्रमाणे मांडावा, आणि एखादी पायरी गैरसोयीची आहे म्हणून ती गाळू नये, असा त्यांचा बाणा होता. लोकांना राग येई तो बहुतेक वेळा या न गाळलेल्या पायरीचा.

त्यांच्या पत्नी मालतीबाई. मूल होऊ द्यायचे नाही, असा निर्णय या दोघांनी मिळून घेतला आणि तो अखेरपर्यंत पाळला. हाती घेतलेल्या कामात पैसा नव्हता, स्थैर्य नव्हते, आणि लोकक्षोभ तर ठरलेलाच होता. अशा संसारात मुलाला आणणे योग्य नव्हे, हा त्यामागचा विचार. शिवाय एक वेगळी निकडही होती. जी साधने लोकांना सांगायची ती परिणामकारक आहेत, हे सांगणाऱ्याच्या घरात आधी दिसायला हवे होते. उपदेशकाच्या अंगणात दर दीड वर्षाने बारसे होत असते, तर त्याच्या पुस्तकाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

या निर्णयाचे श्रेय आणि दोष दोन्ही सामान्यपणे र. धों.च्या नावावर मांडले जातात. त्याची रोजची किंमत मात्र मालतीबाईंना अधिक मोजावी लागली असणार, हे त्या काळचे घर ज्याने ऐकून तरी माहीत करून घेतले आहे त्याला सांगण्याची गरज नाही. मूल नसलेल्या बाईला डोहाळजेवणात पुढे होऊन ओटी भरण्याचा मान नसे. बारशाला ती मागच्या रांगेत बसे. तिच्या पाठीमागे एक हलक्या आवाजातला शब्द सतत चाले, आणि त्या शब्दाला पुरुषासाठी तितका बोचरा प्रतिशब्द मराठीने घडवलाच नाही. आम्ही ठरवून असे राहिलो आहोत, हे उत्तर देण्याचीही सोय नव्हती. कारण ठरवता येते हीच गोष्ट ऐकणाऱ्याच्या कल्पनेपलीकडची होती. नवऱ्याची नोकरी गेली, मिळकतीचा भरवसा राहिला नाही, खटले झाले, तरी मालतीबाईंनी घर सांभाळून धरले. र. धों.च्या आधी त्यांचा मृत्यू झाला.

र. धों.नी स्वतः मूल होऊ दिले नाही म्हणून इतरांनीही होऊ देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता, हा समज मात्र चुकीचा आहे. त्यांनी वापरलेला शब्द पाहावा: संततिनियमन. त्यात बंदी नाही, नियमन आहे. मूल हवे असेल तर हवे तेव्हा व्हावे, नको असेल तेव्हा होऊ नये, आणि हे नशिबावर किंवा नवऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नसावे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमन: आचार आणि विचार हे पुस्तक प्रसिद्ध झाले. नावातला क्रम लक्षणीय आहे. आचार आधी आणि विचार नंतर. संयम, पावित्र्य, राष्ट्र यांवर प्रवचने झोडणारे त्या काळी पुष्कळ होते. करायचे काय आणि कसे, हे मराठीत सांगणारे जवळजवळ कोणीच नव्हते. रबरी टोपी, स्पंज, निरोध अशी जी साधने तेव्हा उपलब्ध होती त्यांची माहिती त्यांनी दिली आणि ती मिळण्याची व्यवस्थाही केली. पुस्तक वाचून माणूस पटला, पण साधन कोठे मिळेल हे त्याला ठाऊक नसेल, तर त्या पटण्याचा उपयोग शून्य, हे या गणित्याला बरोबर कळत होते.

मूल होऊ देण्यास जोडपे सिद्ध आहे हे कशावरून ओळखावे, याचे त्यांचे उत्तरही असेच व्यवहारी होते. स्त्रीची प्रकृती गर्भ पेलण्याजोगी आहे काय? आधीच्या बाळंतपणातून ती सावरली आहे काय? दोघांपैकी कोणाला गुप्तरोग तर नाही? येणाऱ्या मुलाला पोसण्याची ऐपत आहे काय? आणि या सर्वांवर, तिला ते हवे आहे काय? शेवटचा प्रश्न तोपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. सुधारक स्त्रीच्या शिक्षणाविषयी बोलत होते, तिच्या केशवपनाविषयी, पुनर्विवाहाविषयी बोलत होते. विवाह झाल्यावर माजघरात काय घडते, तेथे सुधारकांची जीभ अडखळे. र. धों. त्याच्याही पुढे गेले. स्त्रीलाही पुरुषाइतकीच कामसुखाची इच्छा असते आणि हक्कही असतो, आणि हे सुख व अपत्यप्राप्ती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी लिहिले. मुलाच्या भीतीने जी स्त्री प्रत्येक रात्र मोजत असते तिला सुख कसले, हा त्यामागचा साधा तर्क.

विल्सन महाविद्यालयात ते त्या सुमारास गणित शिकवत होते. स्कॉटिश मिशनऱ्यांची ही संस्था. आपल्या प्राध्यापकाचे हे बाहेरचे उद्योग चालकांना मानवणे शक्य नव्हते. प्रचार थांबवावा किंवा नोकरी सोडावी, असा पेच उभा राहिला आणि १९२५ मध्ये र. धों.नी नोकरी सोडली. हिंदू सनातनी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे ज्या मोजक्या विषयांवर मतैक्य होते त्यांपैकी हा एक होता.

त्यात राष्ट्रीय चळवळीची भर पडली. महात्मा गांधींनी १९२५ मध्येच या विषयावर आपले मत जाहीरपणे मांडले होते. अपत्यसंख्या मर्यादित असावी हे त्यांना मान्य होते, परंतु त्याचा मार्ग ब्रह्मचर्य हाच. कृत्रिम साधनांना त्यांचा सक्त विरोध होता. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन त्यांना भेटल्या आणि तेथेही दोघांचे मत जुळले नाही. ब्रह्मचर्याचा हा उपाय र. धों.ना भाबडा तर वाटेच, शिवाय अन्यायाचाही वाटे. कारण संयम मोडला तर त्याचे फळ पुरुषाच्या पोटात वाढत नाही. गांधीजींवर त्यांनी केलेली टीका कधी कधी अकारण बोचरी असे, आणि ज्या काळात गांधीजींचा शब्द घराघरांतून प्रमाण मानला जात होता त्या काळात तिने त्यांचे मित्र वाढवले नाहीत. मात्र मूळ मुद्द्याला उत्तर मिळाले नाही, हेही तितकेच खरे.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक काढले आणि पुढची सव्वीस वर्षे ते जवळजवळ एकहाती चालवले. लेख लिहायचे, मुद्रिते तपासायची, अंक टपालात टाकायचे, वर्गणीच्या तगाद्यांची पत्रे पाठवायची, सारे काही स्वतः. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. मानवी देहात लपवण्याजोगे काही नाही, या त्यांच्या मताची ती पाटीच होती. अनेक घरांत हा अंक वेष्टणासकट उशाखाली जाई. जाहीरपणे शिव्या देणारे आणि खासगीत वर्गणी भरणारे वाचक काही वेळा एकच असत, असा संशय घेण्यास जागा आहे. शारदेची पत्रे या सदरातून स्त्रीच्या तोंडून समाजाची उलटतपासणी चाले. नगर, कुटुंब, विवाहसंस्था, वेश्याव्यवसाय, आहार, असे नाना विषय मासिकात येत.

त्या मासिकाचा खरा जीव होता वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. डॉक्टरला विचारता येत नाही, वडिलांसमोर उच्चारता येत नाही, मित्राला विचारावे तर हसे होते, असे प्रश्न लोक टपालाने र. धों.ना विचारत. ते थोडक्यात आणि सरळ उत्तर देत. जे शास्त्राला ठाऊक असेल ते सांगत, पापपुण्याची भीती घालत नसत. शरमेपोटी आयुष्यभर कुढत राहिलेल्या माणसाला आपले वागणे हा रोग नव्हे, एवढे छापील अक्षरांत वाचायला मिळणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे अवघड आहे.

याच पानांनी त्यांना न्यायालयात नेले. पहिला खटला १९३१ मधला, व्यभिचाराचा प्रश्न या लेखावरून. अश्लीलतेचा आरोप सिद्ध धरला गेला आणि शंभर रुपये दंड झाला. वरिष्ठ न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. दुसरा खटला १९३४ मधला. या वेळी आक्षेप होता तो हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. हा खटला लढवण्यासाठी उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आंबेडकर तेव्हा गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमुळे देशभर गाजत होते. मध्यमवर्गीय, ब्राह्मण घरातल्या एका विक्षिप्त संपादकाचा अश्लीलतेचा खटला घेऊन त्यांना राजकीय लाभ काहीच नव्हता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात प्रश्न असतील तर जाणकाराने त्यांची उत्तरे दिलीच पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती. समलिंगी संबंध ज्यांना नैसर्गिक वाटतात त्यांना दोषी का धरावे, असा युक्तिवाद १९३४ च्या मुंबईत न्यायासनासमोर झाला, हे आजही नवल वाटावे असेच आहे. एप्रिलमध्ये निकाल लागला. र. धों. हरले. दोनशे रुपये दंड.

आंबेडकरांच्या या सहभागाला आणखी एक बाजू आहे. ते स्वतः आईवडिलांचे चौदावे अपत्य. रमाबाई आणि त्यांना पाच मुले झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली, एकटा यशवंत जगला. लेकरे गमावण्याचे आणि बाळंतपणांनी खंगत जाणाऱ्या बायकोकडे पाहण्याचे दुःख त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. रमाबाई मे १९३५ मध्ये गेल्या. नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात असा प्रस्ताव आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात आला, पी. जे. रोहम यांनी तेथे तो मांडला. प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्येच सरकारी दवाखान्यांतून संततिनियमनाची सोय सुरू केली होती. मुंबई प्रांताला मात्र, र. धों.चे केंद्र त्याच्या राजधानीत सतरा वर्षे चालू असूनही, तसे करावेसे वाटले नाही.

र. धों.चे सारेच आज स्वीकारावे असे नाही. सर्व प्रश्न बुद्धीने सुटतात आणि न सुटलेला प्रश्न म्हणजे कोणाची तरी मूर्खता, असा त्यांचा सूर असे. दुसऱ्याच्या श्रद्धेशी बोलताना ते आवश्यकतेपेक्षा अधिक तुच्छतेने बोलत. नग्नतेच्या प्रचाराने संततिनियमनाच्या कामाला मदत झाली की अडथळा, हा प्रश्न त्यांच्या हितचिंतकांनाही पडला असेल. एखादी संस्था उभारावी, माणसे जोडावीत, कार्यकर्ते घडवावेत, हे वडिलांचे कसब मुलाकडे आले नाही. महर्षींनी हिंगण्यात आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले, दारोदार फिरून त्यासाठी पैसा उभा केला. मुलाने एक मासिक चालवले. त्यांचे काम पुढे नेणाऱ्यांत शकुंतला परांजपे यांचे नाव ठळक आहे. रँग्लर परांजप्यांची ही कन्या समाजस्वास्थ्यात लिहीत असे, आणि पुण्यात बायकांना साधनांची माहिती देण्याचे काम तिने दीर्घकाळ केले. कुटुंबनियोजनाच्या कार्यासाठी १९९१ मध्ये तिला पद्मभूषण मिळाले. र. धों.च्या वाट्याला असा कोणताही सन्मान आला नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९५२ मध्ये भारत हा असा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा जगातला पहिला देश ठरला. ज्या गोष्टी छापल्याबद्दल दंड झाला होता त्या सांगण्यासाठी सरकार आता पगारी माणसे नेमू लागले. तथापि सरकारी कार्यक्रमाचा पाया १९२१ च्या केंद्राचा नव्हता. तो आकड्यांवर उभा होता: इतके जन्म रोखायचे, इतक्या शस्त्रक्रिया करायच्या. त्या आकड्यांनी पुढे कोणते रूप घेतले ते आणीबाणीत दिसले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. मूल कधी आणि किती हे नशिबाने ठरवू नये, असे सांगणाऱ्या र. धों.च्या राज्यात ते आता पोलीस आणि तहसीलदार ठरवणार होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर दर स्त्रीमागे १.७ इतका खाली आलेला दिसला. त्याच पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के जणींनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. पतीने शस्त्रक्रिया करून घेतल्याचे प्रमाण ०.३ टक्के होते. हे दोन आकडे र. धों.च्या हाती पडते, तर पुढच्या अंकात त्यांवर शारदेचे एक पत्र नक्की आले असते.

य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले, अनंत देशमुख यांनी त्यांचे विखुरलेले वाङ्मय संपादित करून वाचकांसमोर आणले. अमोल पालेकरांचा ध्यासपर्व हा चित्रपट २००१ मध्ये आला. किशोर कदम आणि सीमा बिस्वास यांनी त्यात रघुनाथराव आणि मालतीबाई साकारले. २०१७ मध्ये अजित दळवी यांचे समाजस्वास्थ्य हे नाटक अतुल पेठे यांनी रंगभूमीवर आणले आणि न्यायालयातले ते खटले प्रेक्षकांनी पुन्हा ऐकले.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथ धोंडो कर्वे यांचे निधन झाले. ते एकाहत्तर वर्षांचे होते. महर्षी तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते आणि पुढे आणखी नऊ वर्षे जगले. शंभरीत त्यांना भारतरत्न मिळाले. समाजस्वास्थ्य १९५३ सालीच बंद पडले. ते पुढे चालवण्यासाठी घरात कोणी नव्हते.